स्वतःकडे रोखलेला कॅमेरा

सेल्फ-पोर्ट्रेटचा विषय निघाला की आपले व्याख्याते थेट १८३९च्या फिलाडेल्फियात जाऊन पोहोचतात. रॉबर्ट कॉर्नेलियस, त्याचे विस्कटलेले केस, जरा बाजूला झालेला चेहरा. पहिला मान त्याचा, कबूल. पाठोपाठ येतो पॅरिसचा इपोलित बायार. छायाचित्रणाच्या शोधाचे श्रेय दागेरला गेले म्हणून १८४०मध्ये त्याने स्वतःला बुडून मेलेला दाखवून फोटोतूनच तक्रार नोंदवली. दोघांवर भरपूर लिहून झाले आहे. जयपूरच्या महाराजा रामसिंगांनी ओल्या कलोडियनच्या काचांवर शिवभक्ताच्या वेशात स्वतःला टिपले, तेही आता संग्रहालयांमुळे परिचयाचे झाले आहे.

माझा माणूस वेगळा. उमरावसिंग शेरगिल, जन्म १८७०, मृत्यू १९५४. पंजाबातल्या मजिठियांच्या सरदार घराण्यातला, संस्कृत-फारसीत बुडालेला, हंगेरियन गायिकेशी लग्न केलेला. पहिल्या महायुद्धाची वर्षे त्याने कुटुंबासह हंगेरीत काढली, मग सिमला, मग पॅरिस. आणि तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत हा माणूस स्वतःचे फोटो काढत राहिला. पुस्तकांत बसलेला, केस मोकळे सोडून उघड्या अंगाने उभा राहिलेला, १९३०च्या सुमारास पॅरिसच्या घरात उपवासाने उतरलेले शरीर घेऊन कॅमेऱ्याला सामोरा गेलेला. दाढी पांढरी होत जाते, बरगड्या वर येतात. नजर मात्र हटत नाही. साठीच्या पुरुषाचे उघडे, सुकलेले शरीर सुंदर दिसू शकते, हे मला या फोटोंनी शिकवले.

आमच्याकडचे काही समीक्षक त्याला ‘हौशी’ म्हणून एका ओळीत उरकतात. काहींना त्यात निव्वळ आत्मरती दिसते. या मंडळींनी प्लेट कॅमेऱ्यावर स्वतःचा एक तरी फोटो काढून पाहावा. बसायच्या जागी खुर्ची ठेवायची, तिच्या पाठीला छापील कागद लावायचा, काळ्या कापडाखाली शिरून काचेवरची उलटी अक्षरे स्पष्ट होईपर्यंत भिंग पुढेमागे करायचे, प्लेट चढवायची आणि मग जाऊन बसायचे. प्रकाश प्लेटवर पडतो त्या क्षणी आपण कसे दिसतो, हे कळायला काही मार्ग नसतो. आत्मरतीला तर आरसा लागतो. इथे माणूस स्वतःला न पाहता उजेडाच्या स्वाधीन करतो, आणि जे येईल ते नंतर मान्य करतो. सेल्फ-पोर्ट्रेटचे सारे मोल मला या स्वाधीन होण्यात दिसते.

उमरावसिंगाची मुलगी, चित्रकार अमृता शेरगिल याच घरात, याच कॅमेऱ्यापुढे वाढली. तिच्या १९३४च्या ताहितीयन वेशातल्या आत्मचित्रावर लिहिताना सगळे गोगँकडे धावतात. ते खोटे नाही. पण उघड्या अंगाने, बिनदिक्कत, स्वतःकडे विषय म्हणून पाहणे तिने बापाच्या फोटोंत लहानपणापासून पाहिले असणार, असे मला ठामपणे वाटते. तिचा भाचा विवान सुंदरम याने २००१-०२मध्ये आजोबांचे फोटो आणि मावशीची चित्रे संगणकावर एकत्र गुंफली, तेव्हा हे नाते निदान डोळ्यांना दिसले.

सिंडी शर्मनबद्दल मी थोडक्यात लिहितो. १९७७ ते १९८० या काळातल्या तिच्या ‘फिल्म स्टिल्स’ मोठ्याच आहेत, पण ती कॅमेऱ्याशेजारी आरसा ठेवून काम करणारी. माझे मन तिथे रमत नाही. ते रमते पुष्पमाला एन. यांच्यापाशी. बंगळूरच्या या शिल्पकर्तीने मुंबईत येऊन जे. एच. ठक्कर या जुन्या छायाचित्रकारासमोर उभे राहून ‘नवरस’ मालिका केली. ठक्कर म्हणजे दादरचा इंडिया फोटो स्टुडिओ, पन्नास-साठच्या दशकांतल्या तारे-तारकांचे चेहरे उजळणारा माणूस. बटण दुसऱ्याने दाबले, मग हे सेल्फ-पोर्ट्रेट कसे, असा वाद मी एका परिसंवादात ऐकला आहे. बटणावरच्या बोटाला इतका मान कशाला? स्वतःच्या चेहऱ्यावर कोणता उजेड पडू द्यायचा आणि त्या चेहऱ्याने कोणत्या बाया होऊन पाहायचे, हे जी ठरवते तिचाच तो फोटो.

डार्करूममध्ये, लाल दिव्याखाली, विशीतल्या माझ्या एका फोटोत मला माझ्या आत्याचे नाक दिसले होते. घरात आरसे होते, तरी तोवर ते कधी दिसले नव्हते. डेव्हलपरच्या ट्रेमधून वर येणारा चेहरा आधी अनोळखी असतो. म्हणूनच त्यात घराणे दिसते, वय दिसते.

आज फोनचा पडदाच आरसा झाला आहे. मुले-मुली हनुवटी उचलतात, तपासतात, पुन्हा उचलतात, आणि बटण दाबण्याआधीच फोन त्यांची त्वचा गुळगुळीत करून ठेवतो. रिटचिंग पूर्वीही होते, असे मला सुनावले जाते. होतेच. स्टुडिओतला कारागीर टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवरचे व्रण भरायचा. पण तो खरा चेहरा आधी पाहून मग भरायचा. आताच्या मुलीला तिचा व्रण दिसतच नाही, आणि या नुकसानीबद्दल आमच्या कलाशाळांत कोणी बोलत नाही.

दक्षिण आफ्रिकेच्या झानेले मुहोली यांनी २०१२पासून सुरू केलेल्या मालिकेत कॉन्ट्रास्ट चढवून स्वतःची काळी कातडी आणखी काळी केली आहे. लग्नाच्या जाहिरातीत अजून ‘गोरी’ छापणाऱ्या आपल्या समाजात ती मालिका भिंतीभर मोठी करून लावायला हवी, आणि तिच्या शेजारच्या भिंतीवर उमरावसिंगाची उपाशी बरगडी.