मांस उद्योग, अमेरिकेतील
जनावरांची कत्तल, मांसाचे संस्करण, साठवण व वितरण यांचा समावेश असलेला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक प्रमुख उद्योग. प्रारंभी हा धंदा स्थानिक व हंगामी होता. प्रशीतनाची सोय नसल्याने हिवाळ्यात डुकरे मारून त्यांचे मांस मिठात मुरवीत आणि पिपांत भरून विकीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओहायओ नदीकाठचे सिनसिनॅटी हे त्याचे मुख्य केंद्र होते. पुढे लोहमार्गांच्या जाळ्यामुळे शिकागोने ते स्थान घेतले. तेथे २५ डिसेंबर १८६५ रोजी ‘युनियन स्टॉक यार्ड’ हा विशाल गुरेबाजार सुरू झाला.

जिवंत जनावराच्या वजनाचा बराच भाग अखाद्य असतो; तरीही त्याचे रेल्वेभाडे भरावे लागे. म्हणून गस्टाव्हस स्विफ्ट याने अँड्र्यू चेस या अभियंत्याकडून बर्फाने थंड राखलेला मालडबा तयार करवून घेतला. १८८० च्या सुमारास शिकागोत कापलेले मांस पूर्वेकडील शहरांत ताजे पोहोचू लागले व तेथील स्थानिक खाटकांचा धंदा बसू लागला. कत्तलखान्यात छताखालील रुळावरून टांगलेली धडे पुढे सरकत व प्रत्येक कामगार ठराविक एकच छेद घेई. हेन्री फोर्डच्या मोटारनिर्मितीतील जुळणीमालिकेस (१९१३) या पद्धतीची प्रेरणा होती. चरबी, हाडे व कातडी यांपासून साबण, सरस, खत इ. उपपदार्थ मिळत.

या कार्यक्षमतेची किंमत कामगार व ग्राहक यांना मोजावी लागली. अप्टन सिंक्लेअर याच्या द जंगल (१९०६) या कादंबरीचा हेतू कामगारांची दैना मांडणे हा होता. परंतु लोकक्षोभ उसळला तो मुख्यतः त्यातील अस्वच्छ मांसाच्या वर्णनामुळे. त्याच वर्षी मांस-तपासणी अधिनियम संमत झाला. तथापि त्याने कामगारांची स्थिती सुधारली नाही. आर्मर, स्विफ्ट, मॉरिस, विल्सन व कडाही या पाच कंपन्यांच्या वर्चस्वास आळा घालण्यासाठी १९२१ मध्ये स्वतंत्र कायदा करण्यात आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर मालमोटारींमुळे कारखाने गुरांच्या प्रदेशात हलविणे शक्य झाले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या ‘आयोवा बीफ पॅकर्स’ने ग्रामीण भागात कारखाने काढले व १९६७ पासून कापून खोक्यांत भरलेले गोमांस विकण्यास प्रारंभ केला. त्यामुळे दुकानांतील कुशल खाटकांची गरज घटली. शिकागोचा बाजार १९७१ मध्ये बंद पडला. नंतरच्या विलीनीकरणांमुळे पुष्ट गुरांच्या कत्तलीपैकी सु. ८५ टक्के वाटा चार कंपन्यांच्या हाती एकवटला. २०२० मधील कोविड-१९ साथीत कामगार मोठ्या संख्येने आजारी पडून काही मोठे कारखाने थांबले, तेव्हा शेतकऱ्यांची जनावरे अडून राहिली आणि दुकानांत मांसाची टंचाई भासली. १९२१ च्या कायद्यामागील केंद्रीकरणाचा प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला.