जागेवरची भरारी: घरी बांधलेले हलते कॉकपिट

उड्डाण-सिम्युलेटरची खुर्ची जागा न सोडता वैमानिकाला धावपट्टीवरची धाव आणि वळणे जाणवून देते, ते आपल्या अंतर्कर्णाच्या एका मर्यादेमुळे. कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे फिरणे ओळखतात. त्यांच्या शेजारच्या दोन पिशव्यांमधले कॅल्शियमचे सूक्ष्म कण गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेतले त्वरण टिपतात. पण शरीर मागे कलले आहे की वेगाने पुढे ढकलले जात आहे, हे केवळ त्या कणांवरून ठरत नाही. प्रवासी जेट धावपट्टीवर धावते तेव्हा त्याचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण पाव पट असते. खुर्ची साडेचौदा अंश मागे कलवली की वजनाचा तेवढाच भाग पाठीवर येतो. पडदाही खुर्चीबरोबर कलला आणि त्यावर धावपट्टी मागे पळत असली, की मेंदू त्याला वेगवाढ समजतो. कलणे मात्र सेकंदाला दोन-तीन अंशांपेक्षा हळू हवे, नाहीतर नलिकांना ते कळते.

अमेरिकेच्या एडविन लिंक यांनी १९२९ मध्ये ऑर्गनच्या भात्यांवर डोलणारे पहिले यशस्वी प्रशिक्षणयंत्र बांधले; दुसऱ्या महायुद्धातले असंख्य वैमानिक त्यावर शिकले. आजच्या मोठ्या सिम्युलेटरांचा सहा पायांचा मंच १९६५ मधल्या डी. स्ट्युअर्ट यांच्या शोधनिबंधामुळे प्रसिद्ध झाला. घरच्या बांधणीला मात्र दोनच हालचाली पुरतात: पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कलणे.

अशी खुर्ची एका मजबूत खांबावर, ट्रकच्या प्रोपेलर शाफ्टमधल्या युनिव्हर्सल जॉइंटवर टेकवतात. मोठ्या वाहनाच्या दोन वायपर मोटरी मागच्या बाजूने दांड्यांनी तिला ढकलतात आणि ओढतात. घोडबंदर रस्त्यावरच्या वरसावे परिसरात राहणाऱ्या हौशी माणसाला चौकट वेल्डिंग करून घेण्यासाठी भाईंदर पूर्वेचे औद्योगिक गाळे जवळ आहेत. इलेक्ट्रॉनिक सामानासाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहे. जास्त ताकदीच्या मोटरी शोधण्याआधी तोल साधणे महत्त्वाचे. माणूस आणि चौकट मिळून १०० किलो धरले आणि त्यांचा गुरुत्वमध्य सांध्याच्या २० सेंटीमीटर वर असला, तर १५ अंश कललेली खुर्ची धरून ठेवायला सुमारे ५१ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. तोच मध्य ५ सेंटीमीटरवर आणला की १३ पुरतात. आसन थोडे खाली घेतल्याने मोटरीचा खर्च आणि धोका दोन्ही कमी होतात.

प्रत्येक मोटरीच्या दांड्याला जोडलेला पोटेन्शिओमीटर खुर्ची नेमकी कुठे आहे ते आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डला सांगतो. संगणकावरचा उड्डाणाचा प्रोग्राम हवी ती स्थिती पाठवतो. दोन्हींतली तफावत पाहून बोर्ड मोटरीला वेग देतो आणि मुक्काम जवळ आला की आवरतो. चित्र आणि खुर्ची यांच्यातला उशीर जाणवण्याइतका झाला की मळमळू लागते. वरच्या दर्जाच्या प्रशिक्षण-सिम्युलेटरांत हा उशीर सुमारे एक दशांश सेकंदाच्या आत ठेवावा लागतो.

नवशिक्याची सर्वांत मोठी चूक वळणात होते. समजा, जुहूहून उत्तरेकडे निघालेले छोटे विमान वसईच्या खाडीवर आले आणि वरसाव्याचे पूल खाली ठेवून ३० अंश कलून डावीकडे वळू लागले. खुर्चीही तशीच डावीकडे कलवून ठेवावी, असे वाटते. पण नीट घेतलेल्या वळणात वैमानिक बाजूला घसरत नाही. त्याचे वजन सरळ आसनातच उतरते आणि १५ टक्क्यांनी वाढते. डोळे मिटले तर विमान कललेले आहे हे त्याला कळणारही नाही. म्हणून वळणाच्या सुरुवातीला खुर्चीने झटकन थोडेसे कलावे आणि मग न जाणवेल इतक्या हळू सपाट व्हावे. पडद्यावरचे क्षितिज तिरके राहू द्यावे. हे चोरपावलांनी परतणे साधले, की दोन मोटरींची साधी खुर्चीही खरी वाटू लागते. हौशी बांधकामाचा कस इथेच लागतो.

मोटरी माणसाची बोटे चिरडू शकतात. त्यामुळे वीज थेट तोडणारे मोठे लाल बटण बसलेल्या माणसाच्या हाताशी हवे, आणि ते संगणकावर अवलंबून नसावे. दोन्ही टोकांना मर्यादा-स्विच, दांड्यांभोवती जाळी आणि योग्य फ्यूज यांखेरीज खुर्ची सुरू करू नये.

मुंबईला घरगुती बांधणी नवी नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या चारकोप भागात इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले आणि २०१७ मध्ये त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी मिळाली. सिम्युलेटर जमीन सोडत नसल्याने त्याला तशी नोंदणी लागत नाही. उपकरणे पाहण्याची सवय आणि उड्डाणापूर्वीची तपासणी पक्की करायला तो उत्तम. परवान्यासाठी मात्र महासंचालनालयाने मान्य केलेल्या सिम्युलेटरवरचेच तास मोजले जातात.