दोनशे माणसं आणि एक शनिवार

सप्टेंबर उजाडला की पुण्या-मुंबईतल्या स्वयंसेवी संस्थांचे फोन वाजू लागतात. पलीकडे कुठल्याशा कंपनीच्या एचआर विभागातला उत्साही मुलगा किंवा मुलगी असते. "आमची दोनशे माणसं आहेत, शनिवारी दहा ते एक वेळ आहे. तुमच्याकडे काय करता येईल?" प्रश्न मनापासून विचारलेला असतो. २ ते ८ ऑक्टोबरचा 'दान उत्सव' तोंडावर आलेला असतो. २००९ साली 'जॉय ऑफ गिव्हिंग वीक' या नावाने सुरू झालेला हा सप्ताह आता अनेक कंपन्यांच्या वार्षिक वेळापत्रकात जाऊन बसला आहे.

फोन घेणाऱ्या ताईंकडे चार पगारी कार्यकर्ते, एक सभागृह आणि दोन स्वच्छतागृहं असतात. नाही म्हटलं तर पुढे मिळू शकणारी देणगी जाईल, आणि हो म्हटलं तर दोनशे माणसांना तीन तास पुरेल असं काम उभं करावं लागेल. बहुतेक वेळा ताई हो म्हणतात. मग मागच्या वर्षी रंगवलेली भिंत पुन्हा रंगवली जाते. कार्यकर्त्यांचे चार दिवस खुर्च्या, चहा, रंगाचे डबे आणि बसच्या पार्किंगची जागा यांत जातात. त्या चार दिवसांत वस्तीतल्या गृहभेटी राहून जातात, आणि त्यांची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही.

कंपन्या आणि संस्था यांच्यामध्ये समन्वयाचं काम करताना माझं एक मत पक्कं झालं आहे. असा उपक्रम चांगला होणार की नाही, हे त्या पहिल्या फोनवरच ठरतं. "आमच्या माणसांना काय देता?" याऐवजी "येत्या वर्षात माणसांअभावी तुमचं कोणतं काम अडलं आहे?" असं विचारलं, की पुढचं सगळं नियोजन वेगळ्या वाटेने जातं. आणि संस्थेने "सध्या काहीच नाही" असं सांगितलं, तर ते उत्तरही कंपनीने मान्य करायला हवं.

आधी कायद्याचं थोडं. कंपनी कायदा २०१३ मधलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. आधीच्या आर्थिक वर्षात ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करावी लागते. अनेकांचा इथे एक गैरसमज असतो. कर्मचाऱ्यांनी दिलेल्या तासांची पगाराच्या हिशेबाने किंमत काढून ती या दोन टक्क्यांत धरता येईल, असं त्यांना वाटतं. केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेल्या स्पष्टीकरणानुसार तसं करता येत नाही. कर्मचाऱ्यांच्या सहभागाला प्रोत्साहन द्यावं, पण त्याचं रुपयांत रूपांतर करून सीएसआर खर्च दाखवू नये, असं त्यात म्हटलं आहे. मला हा नियम फार योग्य वाटतो. पैसा पैशाच्या जागी आणि माणसाचा वेळ वेळेच्या जागी राहिला, तर दोन्हींचा हिशेब प्रामाणिक राहतो.

आपल्याकडे असं स्वेच्छेने श्रम देणं कंपन्यांच्या आधीपासून आहे. बाबा आमटे यांनी १९६७ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला तरुणांची श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तीही विदर्भातल्या मे महिन्यात. त्यामुळे श्रमदान हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. नियोजनाचा धडा मात्र अलीकडच्या एका उदाहरणातून नीट घेता येतो.

पानी फाउंडेशनची 'सत्यमेव जयते वॉटर कप' स्पर्धा २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत पोहोचली. पावसाळ्याआधीच्या पंचेचाळीस दिवसांत गावाने पाणलोटाची कामं करायची, अशी ती स्पर्धा. १ मे रोजी शहरातले 'जलमित्र' महाश्रमदानाला गावोगावी जात, आणि त्यांत कंपन्यांचे गटच्या गट असत. हजारो अननुभवी माणसं एका सकाळी डोंगरउतारावर कुदळ-फावडं घेऊन उतरली आणि कामाचा विचका झाला नाही. हे कसं जमलं, ते नीट पाहण्यासारखं आहे.

उतारावर खोदायचा सलग समतल चर नावाप्रमाणे समतल असावा लागतो. तो एका टोकाला जरा जरी उतरता झाला, तर पावसाचं पाणी त्याच टोकाला धावतं, साचतं आणि बांध फोडून माती घेऊन खाली जातं. म्हणजे चुकीचा चर हा न खोदलेल्या चरापेक्षा वाईट. चराची जागा ठरवणं हे म्हणूनच कौशल्याचं काम, आणि ते जलमित्रांवर सोडलेलं नव्हतं. प्रत्येक गावातल्या काही जणांनी आधी निवासी प्रशिक्षण घेतलेलं होतं. ते हायड्रोमार्करने समपातळी काढत आणि फक्कीने पांढऱ्या रेषा आखून ठेवत. शहरातून आलेल्या माणसाने त्या रेषेत खोदायचं आणि माती उताराच्या बाजूला टाकायची, एवढंच होतं. अवघड भाग गावाकडे आणि अंगमेहनतीचा भाग पाहुण्यांकडे, ही विभागणी अगदी नेमकी होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की काम गावाचं होतं. जलमित्र येण्याआधी कित्येक दिवस गाव पहाटेपासून खोदत होतं, आणि ते गेल्यावरही खोदत राहिलं. १ मे रोजी शहरातलं कुणीच आलं नसतं, तरी काम थांबलं नसतं. कोणताही उपक्रम ठरवताना मी हीच कसोटी लावते. आपण गेलो नाही तर हे काम तरीही कुणी करणार आहे का? कुणीच करणार नसेल, तर ते काम आपल्यासाठीच काढलेलं असण्याची शक्यता मोठी.

झाडं लावण्याच्या कार्यक्रमांना ही कसोटी लावून पाहा. ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन, पण पुण्या-मुंबईत मोसमी पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि जमीन नीट भिजायला त्यानंतरही काही दिवस जातात. तारखेच्या हट्टापायी तापल्या मातीत रोप लावायचं आणि टँकरने जगवायचं, यापेक्षा जुलैतला एखादा शनिवार कितीतरी बरा. रोप लावायला पाच मिनिटं लागतात. पुढचे दोन-तीन उन्हाळे पाणी घालणं, गुरांपासून आणि वणव्यापासून ते राखणं हे खरं काम. म्हणून कंपनीला झाडंच लावायची असतील, तर राखणाऱ्या माणसाचं तीन वर्षांचं मानधन आधी ठरवावं आणि मग खड्डे मोजावेत. शिवाय कुठे लावतो आहोत, तेही पाहायला हवं. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडची माळरानं उजाड दिसतात, पण ती लांडग्यांची आणि चिंकारांची घरं आहेत. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य अशाच गवताळ प्रदेशात आहे. तिथे झाडांची दाटी करणं म्हणजे असलेली जीवसृष्टी हटवणं.

मुलांच्या संस्थेत जाताना काळजी आणखी वाढायला हवी. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड होईल असा फोटो, नाव किंवा शाळेचं नाव प्रसिद्ध करायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ ने मनाई केली आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुलांबरोबर काढलेला सेल्फी कंपनीच्या पानावर टाकणाऱ्याला हे सहसा कुणी सांगितलेलं नसतं. ते निघण्यापूर्वी, बसमध्ये चढायच्या आधी सांगायला हवं. एकट्या मुलाला घेऊन कुठे बाजूला जायचं नाही, आईवडिलांबद्दल विचारायचं नाही, "पुन्हा येईन" असं उगाच म्हणायचं नाही. या शेवटच्या सूचनेवर मी फार जोर देते. ज्या मुलांना मोठी माणसं सोडून गेलेली आहेत, त्यांना आणखी एका माणसाची वाट पाहायला लावण्याचा हक्क आपल्याला नाही. पुन्हा जायचं असेल तर वर्षाचे वार संस्थेशी ठरवून, ठरलेल्या चार-पाच जणांनीच जावं.

दिवाळीतल्या फराळवाटपाबद्दलही बोलायला हवं. याच दिवसांत मिठाईचे इतके खोके येतात, की संस्थांना ते ठेवायला जागा उरत नाही. अनेक वसतिगृहांतली मुलं तर सुट्टीत गावी गेलेली असतात. त्याच संस्थेला जानेवारीत तेल-डाळीची चणचण असते. एक फोन करून "कोणत्या महिन्यात काय लागतं?" एवढं विचारलं, तरी तीच रक्कम कितीतरी उपयोगी पडते.

आता खर्चाकडे येते, कारण बोलणी इथेच अवघडतात. स्वयंसेवक फुकट येतात, पण त्यांना सामावून घेणं फुकट नसतं. समन्वयकाचे दिवस, साहित्य, पिण्याचं पाणी, तात्पुरती स्वच्छतागृहं, प्रथमोपचार, नंतरची आवराआवर हा सगळा खर्च कुणीतरी करत असतं. कंपनीने तो स्वतःहून विचारावा आणि उपक्रमाआधी द्यावा. संस्थेनेही तो न संकोचता कागदावर मांडावा. माझी कंपन्यांना एक विनंती असते. टी-शर्ट, फलक आणि जेवणाच्या डब्यांवरचा खर्च एका रकान्यात लिहा आणि संस्थेला मिळणारी रक्कम शेजारच्या रकान्यात. दोन आकडे शेजारी आले, की बैठकीतली माणसं स्वतःच बदल सुचवू लागतात. पैसे परदेशातल्या मूळ कंपनीकडून थेट येणार असतील, तर संस्थेची विदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी आहे का, हे पहिल्याच बैठकीत तपासावं.

माणसांची संख्याही अशीच आधी ठरवावी. दोनशे जणांना एका दिवशी नेण्यापेक्षा पंचवीस-पंचवीसचे गट वर्षभर विभागावेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत काही करायचं, तर मुख्याध्यापकांबरोबर शाळा व्यवस्थापन समितीशीही बोलावं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ही समिती नेमलेली आहे आणि तिच्यात तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आहेत. शाळेला काय हवं, हे त्यातल्या आयांना चांगलं माहीत असतं. भिंतीवर चित्रं हवीत असं आपल्याला वाटत असतं, आणि त्या सांगतात की मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही.

अंगमेहनतीपेक्षा निराळी, कंपनीतल्या माणसांच्या हातात आधीच असलेली कौशल्यं हा तर मोठा साठा आहे. लहान संस्थांना हिशेबाचं कोष्टक लावून देणारा, देणगीदारांची यादी नीट करणारा, संगणक दुरुस्त करणारा माणूस हवा असतो. टाटा समूहाच्या 'प्रोएंगेज' योजनेत कर्मचारी आपल्या कौशल्यानुसार काही महिने, नोकरी सांभाळून एका संस्थेचं एकच काम पूर्ण करतात. पद्धत म्हणून मला ती एका दिवसाच्या सोहळ्यापेक्षा फार वरची वाटते.

यातलं मला सर्वांत जवळचं काम दृष्टिहीन वाचकांचं. एखादी कंपनी उत्साहाने म्हणते, "आमचे शंभर इंजिनिअर परीक्षेत लेखनिक म्हणून येतील." भावना चांगली आहे. पण केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार परीक्षार्थीने स्वतः आणलेल्या लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावं लागतं, त्यामुळे बहुतेक परीक्षांना हे इंजिनिअर चालत नाहीत. हे आधी विचारलं असतं, तर त्याच शंभर जणांना दुसरं काम मिळालं असतं, आणि ते काम खरोखर अडलेलं आहे. मराठी पुस्तकं स्कॅन करून संगणकाकडून अक्षरओळख करून घेतली, की रफार, जोडाक्षरं आणि अनुस्वार हटकून चुकतात. मशीनने वाचून दाखवताना किंवा ब्रेलमध्ये छापताना त्या चुका तशाच पुढे जातात. कुणीतरी मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासावी लागते. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांग वाचकांसाठी ना नफा तत्त्वावर असं रूपांतर करायला लेखक-प्रकाशकाची वेगळी परवानगी लागत नाही. २०१६ मध्ये सुरू झालेलं 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय अशाच पुस्तकांसाठी आहे.

या कामाला बस लागत नाही, टी-शर्ट लागत नाही. घरी बसून रात्री अर्धा तास देता येतो. पुण्यात नोकरी करणारा वर्ध्याचा मुलगा आणि सॅन होजेत राहणारी कोल्हापूरची मुलगी एकाच पुस्तकावर काम करू शकतात. मराठी नीट येणं एवढीच अट. फोटो काढण्यासारखं यात काही नसतं, म्हणून कंपनीच्या बैठकीत ते मागे पडतं. तिथे एखाद्या वरिष्ठाने आग्रह धरावा लागतो.

त्याचंही नियोजन आहेच. संस्थेकडून पुस्तकांची यादी घ्यायची, पानांचे छोटे भाग पाडायचे, शुद्धलेखनाचे आणि चिन्हांचे नियम दोन पानांत लिहून द्यायचे. प्रत्येक भाग दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासायचा, आणि गणित-विज्ञानाची पानं त्या विषयाच्या माणसाकडेच द्यायची, कारण आकृतीचं वर्णन लिहिणं हे मजकूर तपासण्याहून अवघड असतं. निम्मे लोक महिन्याभरात गळतात, हे गृहीत धरून सुरुवातीलाच दुप्पट नावं घ्यावीत. शाळा जूनच्या मध्याला उघडतात. त्या दिवशी मुलाच्या हातात पाठ्यपुस्तक हवं असेल, तर एप्रिलअखेर फाइल संस्थेकडे पोहोचली पाहिजे, म्हणजे तपासणी जानेवारीत सुरू व्हायला हवी आणि पुस्तकांची यादी डिसेंबरात ठरायला हवी. त्यासाठी संस्थेला फोन करायचा तो दिवाळीची सुट्टी संपल्याच्या आठवड्यात.