बैठक चालवायची कुणी?

जुम्याच्या नमाजनंतर जाहीर होतं, "आज इशानंतर मीटिंग आहे, सगळ्यांनी थांबावं." विषय कब्रस्तानच्या भिंतीचा. तीस-चाळीस माणसं थांबतात. दहा मिनिटांत कुणीतरी मागच्या चंद्याचा हिशोब काढतो, दुसरा आवाज चढवतो, तरुण पोरं हळूच चप्पल शोधायला लागतात. भिंत तिथंच राहते. पाटोद्यातच असं होतं असं नाही, अशी बैठक आपण सगळ्यांनी कुठं ना कुठं पाहिलीय. भांडणारी माणसं वाईट नसतात. बैठक चालवणारं कुणी नसतं, ही खरी अडचण.

सदर साहेब असतात की, असं कुणी म्हणेल. पण सदरांचं स्वतःचं मत असतं, त्यांच्यावर आरोपही होतात. ज्याच्यावर हिशोबाचा सवाल आहे त्यानंच कोण बोलणार ते ठरवायचं, हे जमत नाही. बैठक चालवणारा माणूस वेगळा लागतो. तो निर्णय देत नाही, बाजू घेत नाही. प्रत्येकाला बोलायला मिळतंय का आणि बोलणं विषयावर आहे का, एवढंच तो बघतो.

हे काम आपल्याकडे रोज होतं, आणि ते बायका करतात. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, 1975 साली सुरू झालं. त्यांच्या बचत गटांना भेटी देणाऱ्या बाईला 'सहयोगिनी' म्हणतात. 'उमेद' अभियानात हेच काम सीआरपी ताई करतात. गटाचे नियम पाच: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशोबाची नोंद. पंचसूत्री म्हणतात ती हीच. बैठक पहिली का, ते गटात बसल्यावर कळतं. बायका गोल बसतात, त्यामुळे मागची रांग राहत नाही. मागचा ठराव वाचला जातो. पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात, म्हणून हिशोबाचं भांडण साठून राहत नाही. आणि चांगली ताई गप्प बसलेल्या बाईला नाव घेऊन विचारते, "खाला, तुम्हाला काय वाटतं?" घरात दखनी बोलणारी खाला मराठीत अडखळली, तर तिला तिच्या बोलीत बोलू देते.

पाटोदा तालुक्यात एक जास्तीची अडचण आहे. दिवाळीच्या सुमाराला कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडालाच परततात. त्या महिन्यांत निम्मा गट गावात नसतो. मोठे निर्णय लोक जायच्या आधी घ्यायचे की आल्यावर, हे आधीच ठरवून घ्यावं लागतं.

आपल्या घरांत दुसरा सवाल येतो, तो व्याजाचा. गटातलं कर्ज साधारण व्याजानं देतात, ते व्याज गटातच राहतं, तरी अनेक बहिणींचं मन मानत नाही. अशा वेळी ताईनं फतवा द्यायचा नसतो आणि "सगळेच घेतात" म्हणून विषय दाबायचाही नसतो. सवाल सगळ्यांसमोर ठेवायचा, हवं तर आलिमांना विचारून यायला एक बैठक मध्ये सोडायची, मग ठरवायचं. आमच्या मते एखादी बहीण गट सोडून गेली तरी चालेल, पण कुढत राहिली तर गट आतून तुटतो.

मशवरा आपल्याला नवा नाही. कुरआनमध्ये एका सूरहचं नावच शूरा आहे. उहदच्या वेळी पैगंबर मुहम्मद (स.) यांचं स्वतःचं मत मदिन्यात राहून लढण्याचं होतं. तरुणांचा आग्रह बाहेर निघण्याचा, आणि तेच मानलं गेलं. लढाईत मोठं नुकसान झालं. तरीही त्यानंतर आले-इमरानमध्ये हुकूम आला तो लोकांना माफ करण्याचा आणि त्यांच्याशी मशवरा करत राहण्याचा. हुदैबियात सहाबांनी कुर्बानीला हात लावला नाही, तेव्हा वाट निघाली ती उम्मे सलमा (र.) यांच्या सल्ल्यानं. हे आपण बयानात ऐकतो, मीटिंगमध्ये विसरतो.

मग भिंतीचं काय? बैठकीआधी दोन्ही बाजूंच्या दोन-दोन माणसांना घरी जाऊन भेटायचं. विषय फोडायचा: जुना हिशोब वेगळ्या दिवशी, कागद घेऊन, आणि आज फक्त भिंत. सरकारी निधी मागायचा की चंदा करायचा, यावर प्रत्येकानं एकदा बोलायचं, सगळे बोलून होईपर्यंत दुसऱ्यांदा नाही. ठरलं ते तिथंच लिहून मोठ्यानं वाचायचं, आणि काम कुणाचं, कधीपर्यंत, हेही.

पाटोदा शहरात आता नगरपंचायत आहे, पण आसपासच्या गावांत ग्रामसभा होते, आणि कायद्यानं तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. जमातच्या कामात तशीही सोय नाही. कब्रस्तानची भिंत पडली तर त्याची काळजी बायकांनाही असते.

तुमच्या गल्लीत वर्षानुवर्षं बचत गट चालवलेली एखादी आपा असेलच. तिला बैठकीला बोलावणं अवघड वाटत असेल, तर आधी तिच्या घरी जा आणि ती विषयांची यादी कशी करते, कुणाला आधी बोलू देते, ते विचारून या.