परतीचा दिवस तुमचाही!

मरोळच्या गच्च्यांवरून विमानं रोजच दिसतात. त्यातल्याच एखाद्या विमानानं आपण दुबईची सहल आटोपून येणार असतो, त्या शेवटच्या दिवशी काय होतं? यजमान आणि मुलं फेरफटका मारायला जातात, अन् घरची बाई हॉटेलच्या खोलीत बॅगांशी झटापट करीत बसते! सहल तिचीही असते ना?

म्हणून भगिनींनो, बॅगा आदल्या रात्रीच भरा, आणि सगळ्यांनी मिळून. मुलांना आपापल्या कपड्यांच्या घड्या घालू द्या. अत्तर, मध मोठ्या सामानात ठेवा. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही. पॉवर बँक मात्र हातातल्या बॅगेतच हवी.

सोन्याचा मोह आवरा. दागिन्यांवरची खास सवलत परदेशात वर्षाहून अधिक राहिलेल्यांना मिळते, आठ दिवसांच्या सहलीला नाही. घेतलंच, तर पावती जपा आणि उतरल्यावर लाल मार्गानं जाऊन जाहीर करा. घरचे मौल्यवान दागिने नेणार असाल, तर जातानाच कस्टमकडून दाखला घ्या. परतताना वाद नको.

दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथून रात्री दहाला निघालं, की सहारला उतरेपर्यंत अडीच वाजतात. त्या वेळी टॅक्सीच बरी. दिवसा उतरलात, तर २०२४ पासून टर्मिनल दोनच्या पुढचंच मेट्रो स्टेशन मरोळ नाका!

घरी पोचल्यावर मुगाची खिचडी पुरे. आणि त्या दिवशी कुकर यजमानांनी लावला, तर काय बिघडलं?