विम्याचे कार्ड आणि रोजची गोळी



गेल्या पावसाळ्यात पंढरपूर तालुक्यातील भीमेकाठच्या एका गावी डाळिंबावरचा तेल्या पाहायला गेलो होतो. बाग पाहून झाली आणि चहासाठी ओसरीवर टेकलो. घरधन्याची आई भिंतीला पाठ लावून बसली होती. तिचा डावा हात मांडीवर नुसता पडलेला होता. चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, “साहेब, बीपीची गोळी महाग पडायला लागली, म्हणून उसाचं बिल येईस्तोवर दिवसाआड देत होतो. एका सकाळी उठली ती अशीच.” आणि लगेच म्हणाला, “घरात पाच लाखांचं कार्ड हाय की! पण मेडिकलवाला म्हणतो, हे इथं चालत न्हाई.”

मेडिकलवाला खोटे बोलत नव्हता. आज शेतीवर न लिहिता या विषयावर लिहितो आहे, ते त्यासाठीच.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत आपला सोलापूर होता. पुढे २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०२३ मध्ये ती राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करून पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला. सत्तरीपुढील वृद्धांसाठी केंद्राचे आयुष्मान वय वंदना कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरात आले. कार्डे जरूर काढा. मात्र कार्ड चालते ते रुग्ण दवाखान्यात दाखल झाल्यावर, ठरलेल्या उपचारांसाठी. आयुष्मान भारत योजनेत घरी सोडल्यानंतर १५ दिवसांचे औषध मिळते. सोळाव्या दिवसापासूनची गोळी तुमच्या खिशातून.

पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुले आता आई-वडिलांसाठी खासगी पॉलिसी घेतात. त्यातल्या स्वस्त पॉलिसींत बहुधा ‘डिडक्टिबल’ नावाची अट असते. तुम्हाला ती समजायला अवघड नाही. पीकविम्यात मंडळाचे उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या खाली गेले तरच भरपाई मिळते ना? तसाच हा खर्चाचा उंबरठा. तीन लाखांचा उंबरठा असेल आणि दवाखान्याचे बिल चार लाख झाले, तर कंपनी देणार एक लाख. महिन्याच्या गोळ्या बहुतेक अशा पॉलिसींत धरल्याच जात नाहीत, मग त्यांनी उंबरठा ओलांडण्याचा प्रश्नच नाही. एक मात्र करा. रुग्ण दाखल होण्याआधीची आणि घरी आल्यानंतरची औषधांची पक्की बिले, चिठ्ठीसह, जपून ठेवा. पुष्कळ पॉलिसींत आधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्च मागता येतो. बिले चुलीत गेली की तो हक्कही गेला.

तेव्हा रोजच्या गोळीचा खर्च आपणच कमी केला पाहिजे, आणि तो गोळी न चुकवता कमी करता येतो.

कीटकनाशक घेताना बाटलीवरचे मोठे नाव पाहू नका, खाली बारीक अक्षरांत इमिडाक्लोप्रिड १७.८ टक्के असे लिहिलेले तांत्रिक नाव वाचा, हे मी तुम्हाला वर्षानुवर्षे सांगत आलो. माणसाच्या औषधाचेही तेच आहे. पाकिटावर कंपनीचे नाव ठसठशीत असते आणि मूळ औषधाचे नाव बारीक: ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन. लाज वाटते सांगायला, पण मी स्वतः चार वर्षे बीपीची गोळी घेत होतो आणि तिचे मूळ नाव एकदाही वाचले नव्हते.

मूळ नावाने विकली जाणारी औषधे जनऔषधी केंद्रात मिळतात. ही योजना २००८ सालची. तिची औषधे नामांकित कंपन्यांच्या औषधांपेक्षा निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळतात आणि विक्रीला येण्यापूर्वी त्यांची प्रयोगशाळेत तपासणी होते. मोबाइलवर ‘जनऔषधी सुगम’ ॲप घेतले तर जवळचे केंद्र आणि औषधाचा भाव दोन्ही दिसतात. साध्या दुकानातल्या जेनेरिक गोळीवर मात्र छापील किंमत कधी कधी बरीच जास्त असते आणि मधला फायदा दुकानदाराचा होतो. तिथे घासाघीस करायला संकोचू नका. बैल घेताना करता की!

अडचण एक आहे. चिठ्ठीवर कंपनीचे नाव असेल तर दुकानदाराला आपल्या मनाने दुसरे औषध देता येत नाही, असा १९४५ च्या औषध नियमांचा दंडक आहे. म्हणून डॉक्टरांसमोर असतानाच सांगा, “डॉक्टरसाहेब, मूळ नाव लिहून द्या, जनऔषधीतून घेईन.” आपल्याकडे डॉक्टरांशी बोलायला माणसे फार बिचकतात. फीट, थायरॉइड आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांची कंपनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. तिथे थोडा फरकही बाधतो.

आणि विकत घेण्याआधी सरकारी दवाखान्यात विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार मोफत आहेत. तिशीपुढील माणसांची बीपी-साखर उपकेंद्रातही तपासतात आणि साध्या गोळ्या तिथे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात. साठा कधी संपतो, हे खरे. म्हणून शेवटच्या चार गोळ्या उरेपर्यंत थांबू नका. आषाढीच्या आठवड्यात तर पंढरपुरात शिरणेच कठीण, तेव्हा वारीच्या आधीच महिन्याचे औषध घरात असावे.

घरात इन्शुलिन घेणारे कोणी असेल आणि फ्रीज नसेल, किंवा लोडशेडिंग असेल, तर कुपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ओल्या माठात ठेवा. ती बर्फात गोठवू नका. गोठलेले इन्शुलिन वाया जाते.

त्या शेतकऱ्याबरोबर मी पुढच्या सोमवारी उपजिल्हा रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी तिन्ही औषधांची मूळ नावे लिहून दिली. दोन तिथेच मिळाली, तिसरे जनऔषधीत. महिन्याला नऊशेच्या जागी साठ-सत्तर रुपये लागतात, असे तो परवा सांगत होता. आईचा हात अजून वर जात नाही, पण ती काठी धरून परसापर्यंत चालते. रात्रीची गोळी द्यायचे काम नातीकडे आहे. ती पाकिटावरचे बारीक नाव मोठ्याने वाचते आणि मगच देते.