लघवीचा अडथळा : ऑपरेशन कोणते करावे?

सभासद बंधूंनो, ऊस विकासाच्या पानावर हा विषय पाहून काहींना नवल वाटेल. पण ऊसनोंदीसाठी आम्ही आर्णी भागात गावोगाव फिरतो, तेव्हा साठी ओलांडलेले कितीतरी सभासद बेण्याची चौकशी झाली की हळूच बाजूला घेतात. रात्री चार-पाचदा उठावे लागते, धार बारीक झाली, झाली म्हणता म्हणता थेंब गळतो. आणि शेवटी ठरलेले वाक्य, "साहेब, तोडणी होऊन जाऊ द्या, मग पाहू."

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी गाठ मूत्राशयाच्या तोंडाशी लघवीच्या नळीला वेढून असते. पन्नाशीनंतर ती वाढू लागते व नळी दाबते. पाट पुढे दबला की पाणी मागे तुंबायचेच. तुंबारा मूत्रपिंडापर्यंत पोचला तर मूत्रपिंड निकामी होऊ शकते, म्हणून "मग पाहू" महागात पडते. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण लक्षणे सारखी असू शकतात, म्हणून डॉक्टर सांगतील ती तपासणी, सोनोग्राफी व रक्ताची पीएसए चाचणी टाळू नये.

सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही. टॅमसुलोसिनच्या गोळीने थोड्या दिवसांत आराम पडतो. फिनास्टेराइडने गाठ लहान होते, पण त्याला सहा महिने धीर धरावा लागतो. गोळ्यांनी भागेना, लघवी वारंवार तुंबते, मूत्राशयात खडे झाले किंवा मूत्रपिंडावर ताण आला, तर मात्र ऑपरेशनच.

पूर्वी पोट उघडूनच गाठ काढीत. ही रीत रूढ करणारे डॉ. पीटर फ्रेयर आधी हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत होते. लंडनला जाऊन त्यांनी १९०१ साली ती प्रसिद्ध केली. फार मोठ्या गाठीसाठी ती आजही करतात. रक्तस्राव जास्त, मुक्काम जास्त.

आज सर्वात रुळलेली रीत दुर्बिणीची, 'टीयूआरपी'. कमरेत इंजेक्शन देऊन लघवीच्या वाटेने तारेच्या कडीने गाठ आतून खरवडतात. बाहेर टाका नाही, दोन-तीन दिवस नळी. साधारण ३० ते ८० ग्रॅमच्या गाठीला ही उत्तम. जुन्या यंत्रात धुण्याचे पाणी रक्तात शिरून सोडियम घटण्याचा धोका असे. 'बायपोलर' यंत्रात मिठाचे पाणी चालते, त्यामुळे तो धोका जवळपास गेला. आम्ही तर म्हणू, यंत्र कोणते आहे ते विचारावेच.

लेसरची 'होलेप' रीत १९९० च्या दशकात न्यूझीलंडात निघाली. गाठ कोणत्याही आकाराची चालते, रक्त कमी जाते, नळी बहुधा एका दिवसात निघते. मात्र हात बसलेला सर्जन हवा, नि सुरुवातीचे काही आठवडे लघवी नकळत सुटू शकते. लेसर म्हटले की सगळे चांगले, असे समजू नये. मध्यम गाठीला सरावाच्या हातची टीयूआरपी काही कमी नाही. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांना मात्र लेसर सोयीचे पडते. त्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगावे, आपल्या मनाने बंद करू नयेत.

एक गोष्ट कोणी विचारत नाही, म्हणून आम्हीच लिहितो. या ऑपरेशनांनंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते. ताठरता सहसा टिकते, अपाय नसतो, पण ज्यांना अजून मूल हवे त्यांनी आधी बोलावे. गाठ लहान असेल तर नुसता छेद देण्याची रीतही आहे, तिच्यात हे कमी होते.

यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय व नागपूरचे शासकीय सुपर स्पेशालिटी ही आपल्या रस्त्यावरची ठिकाणे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे. रेशनकार्ड व आधार सोबत न्यावे.

ऑपरेशननंतर महिना-दीड महिना मोळी उचलणे, ट्रॅक्टर व मोटारसायकल बंद. दुसऱ्या आठवड्यात लघवीत थोडे रक्त दिसू शकते. पाणी भरपूर प्यावे. पण गुठळ्या पडल्या, ताप आला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, मग गाळप चालू असो की बंद.